सिंगल-स्पीड केलेल्या सायकलची चेन का पडत होती: पावणेपाच मिलिमीटरचं प्रकरण

जुन्या गिअरच्या सायकलची सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायची म्हटलं की बहुतेकांचं लक्ष काय काय काढता येईल याकडे असतं. डिरेल्युअर काढा, शिफ्टर काढा, केबली काढा, मागे एकच फ्रीव्हील (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारी मागची दातेरी चकती) चढवा, पुढे एकच चेनरिंग (पॅडलकडची दातेरी चकती) ठेवा, चेन कापून जोडा, झालं. डिरेल्युअर गिअर बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं. तोच मागच्या दात्यांच्या खाली उभा राहून वाकडी येणारी चेन सरळ करतो आणि मग दात्यांवर सोडतो, हे मात्र तो काढून टाकल्यावर कळतं. खालचं प्रकरण त्याचंच आहे. यातली मापं एका सायकलची आहेत, पण मोजायची पद्धत कुठल्याही सायकलला चालेल.

सायकल आणि तक्रार

सायकल माझ्या भाच्याची. स्टीलची जुनी रेसिंग फ्रेम, मूळची बारा गिअरची: पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या दोन रिंगा, मागे आट्यांवर चढणारं सहा चकत्यांचं फ्रीव्हील. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा ॲक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचांमधलं) आतलं अंतर १२६ मि.मी., म्हणजे त्या पिढीच्या सहा गिअरच्या रोड सायकलींचं नेहमीचं माप. ड्रॉपआउटच्या खाचा तिरक्या-आडव्या असल्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते, वेगळा टेन्शनर लागत नाही. थोडक्यात, असं रूपांतर करायला फ्रेम अगदी योग्य.

पोराने कामही मन लावून केलं होतं. ५२ ची रिंग काढली, ४२ ची स्पायडरच्या (क्रँकच्या, रिंगा बसतात त्या पाच हातांच्या) आतल्या बाजूला होती तिथेच ठेवली. मागे १६ दात्यांचं सिंगल-स्पीड फ्रीव्हील चढवलं. ४२ ला १६ म्हणजे २.६२ चं गुणोत्तर. ७०० सी चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते. सपाट रस्त्याला छान. चेन नवी, १/८ इंची.

तक्रार दोन तऱ्हेची होती. जोर लावला की खालून घरघर यायची, आणि पॅडल थांबवून खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गेलं की चेन पडायची. पडायची ती नेहमी आत, चेनरिंग आणि सीट ट्यूबच्या मधल्या फटीत. यावर त्याने सगळे करतात तेच केलं, चेन आणखी ताणली. चेन पडणं कमी झालं, पण पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यात एका जागी क्रँक जड लागायला लागला. तेव्हा सायकल माझ्याकडे आली.

"मामा, चेन सरळ आहे. मी पट्टी लावून बघितलीय."

त्या पट्टीकडे नंतर येतो.

घासल्याच्या खुणा

मोजमाप करण्याआधी मी दाते बघतो. नवे भाग असतील तर हे फार सोपं जातं, कारण कोऱ्या धातूवर चकाकी लगेच दिसते. इथे फ्रीव्हीलच्या दात्यांची आतली बाजू, म्हणजे स्पोककडची बाजू, घासून चकचकीत झाली होती. बाहेरची बाजू अजून काळी होती. चेनरिंगवर बरोबर उलट: दात्यांची बाहेरची बाजू घासलेली, आतली बाजू जशीच्या तशी.

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. चेन आत पडते आहे, मग रिंगची आतली बाजू घासली पाहिजे, असं वाटतं. पण दाता चेनच्या दोन पट्ट्यांच्या मधे शिरतो. चेन जर दात्याच्या मानाने आतल्या अंगाने येत असेल तर तिची बाहेरची पट्टी दात्याच्या बाहेरच्या अंगावर टेकते. म्हणून घासल्याची खूण एका बाजूला आणि चेन पडण्याची दिशा दुसऱ्या बाजूला. रिंग बाहेरून घासलेली, चेन आत पडते. फ्रीव्हील आतून घासलेलं, तिथे सुटली तर चेन बाहेर पडेल. दोन्ही खुणा मिळून एकच गोष्ट सांगत होत्या: मागचे दाते पुढच्या दात्यांपेक्षा आत आहेत. किती आत, हे खुणांवरून कळत नाही.

आता प्रश्न असा की गिअरच्या सायकलला हे चालतं कसं? मोठी रिंग आणि सगळ्यात आतली चकती अशी जोडी लावली तर तिथे पंधरा मि.मी.च्या वर सहज तफावत पडते. आवाज येतो, झीज होते, पण चेन पडत नाही. याचं कारण चेन दात्यांवर कुठे चढते यात आहे. मागच्या चकतीवर चेन खालून चढते, आणि ती खालची बाजू ढिली असते. गिअरच्या सायकलीत तिथे डिरेल्युअरची वरची पुली चकतीला अगदी खेटून असते, त्यामुळे चेन कितीही वाकडी आली तरी शेवटच्या एक-दोन इंचांत ती चकतीच्या रेषेत येते. पुढे, रिंगवर चेन वरून चढते, आणि तिथे पुढच्या डिरेल्युअरचा पिंजरा दोन्ही अंगांनी राखण करतो. शिवाय स्प्रिंग चेन सतत ताणून धरते. सिंगल-स्पीड करताना आपण पुली, पिंजरा आणि स्प्रिंग असे तिन्ही राखणदार काढतो, आणि वर चेनही बदलतो. गिअरच्या चेन आडव्या लवतील अशाच बनवलेल्या असतात; सिंगल-स्पीडच्या १/८ इंची चेन त्या मानाने ताठ असतात. मग जी तफावत आधी कुणाला दिसतही नव्हती ती खड्ड्यात चेन पाडते.

मापं

चेनलाइन म्हणजे सायकलच्या मध्य-प्रतलापासून दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर. सीट ट्यूब, हेड ट्यूब आणि दोन्ही चाकं यांच्या बरोबर मधून जाणारं उभं प्रतल डोळ्यांसमोर आणायचं, आणि त्यापासून पुढचे दाते किती बाहेर व मागचे किती बाहेर, हे दोन आकडे वेगवेगळे काढायचे. माझा आग्रह या वेगवेगळे शब्दावर आहे. पुढून मागे नजर लावून "जवळपास सरळ" म्हणण्याने फार तर तफावत आहे की नाही ते कळतं. दोष कुठल्या टोकाला आहे आणि किती आहे, ते दोन आकडे हातात आल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय वायसर कुठे टाकायचा हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

मध्य-प्रतल फ्रेमवर धरायचं असेल तर आधी फ्रेम सरळ हवी. जुन्या फ्रेमला दोरीची परीक्षा पुरते. एका ड्रॉपआउटला दोरी बांधून ती हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायची, चांगली ताणायची, आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडच्या दोरीचं अंतर मोजायचं. या फ्रेमला दोन्हीकडे ३५ मि.मी.च्या आसपास भरलं, फरक अर्ध्या मि.मी.च्या आत. जुन्या स्टीलला एवढं म्हणजे उत्तम. हा फरक तीन-चार मि.मी. निघाला असता तर पुढची सगळी मापं बाजूला ठेवून आधी फ्रेमचं बघावं लागलं असतं.

मागची बाजू. हब दोन ड्रॉपआउटच्या बरोबर मधे बसतो, म्हणून मध्य-प्रतल ड्रॉपआउटच्या आतल्या पृष्ठापासून १२६ च्या निम्म्यावर, ६३ मि.मी.वर. व्हर्नियर कॅलिपरच्या मागून निघणाऱ्या काडीने उजव्या ड्रॉपआउटच्या आतल्या पृष्ठापासून दात्यांच्या बाहेरच्या अंगापर्यंत मोजलं. फ्रीव्हील फिरताना थोडं डुलतं, स्वस्त असो की महाग, त्यामुळे एकाच दात्यावर विसंबायचं नाही. चाक थोडं थोडं फिरवत मोजलं तर २४.८ ते २५.२ येत होतं, २५ धरलं. दात्याची जाडी ३ मि.मी., तिचं निम्मं दीड. म्हणजे ड्रॉपआउटपासून दात्याचा मध्य २६.५, आणि ६३ वजा २६.५ बरोबर ३६.५ मि.मी.

पुढची बाजू. ४२ दात्यांच्या रिंगची त्रिज्या साधारण ८५ मि.मी., म्हणून तिचे दाते बीबीपासून (बॉटम ब्रॅकेट, क्रँक फिरतो ती जागा) तेवढ्या उंचीवर सीट ट्यूबच्या शेजारून जातात. तिथे ट्यूबच्या उजव्या अंगापासून दात्याच्या आतल्या अंगापर्यंत मोजायचं, त्यात दात्याची अर्धी जाडी आणि ट्यूबचा अर्धा व्यास मिळवायचा. ट्यूब २८.६ ची, निम्मे १४.३. दाता २.१ चा, निम्मे एक आणि किंचित. पहिल्या जागी उत्तर आलं ४०.९. क्रँक पाव फेरा फिरवला, ४१.२. आणखी पाव फेरा, ४१.८. शेवटी ४१.४.

एकाच रिंगवर ०.९ मि.मी.चा फरक. रिंग एक तर वाकलेली होती, नाहीतर हलत होती.

ढिल्या रिंगचं कारण

बोल्ट मी पान्याने तपासले, पाचही घट्ट होते. तरी रिंग दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवली की बोटांना जेमतेम जाणवेल इतकी टकटक लागत होती. एक बोल्ट काढला. भोकाभोवती काळसर चिकट भुकटी, आणि रिंगच्या बसणीवर घासून झालेलं चमकदार कडं.

दोन रिंगांच्या क्रँकचे बोल्ट दोन रिंगा आणि त्यांच्यामधला स्पायडरचा कान अशा तीन थरांना आवळण्यासाठी असतात. मागचा नट म्हणजे एक छोटी नळीच, आणि तिची लांबी त्या तीन थरांच्या हिशेबाने असते. एक रिंग काढली की थर दोनच उरतात. बोल्ट आवळत गेलं की नळीचं तोंड बोल्टच्या डोक्याला टेकतं आणि पाना थांबतो. हाताला घट्ट लागतं, पण आवळले गेलेले असतात नट आणि बोल्ट एकमेकांवर. रिंग त्यांच्यामधे तशीच मोकळी. याला उपाय दोन: एका रिंगसाठीचे आखूड बोल्ट घ्यायचे, किंवा काढलेल्या रिंगच्या जागी तेवढ्याच जाडीचे वायसर घालायचे. मी आखूड बोल्ट लावले. वायसरनेही काम होतं, पण पाचही सारख्या जाडीचे मिळाले तरच.

हे बोल्ट आवळताना आणखी एक काम उरकून घेतलं. क्रँक एका जागी जड लागत होता, कारण रिंग स्पायडरवर मध्यात बसली नव्हती. भोकांमधे तिला जरा सरकायला जागा असते. बोल्ट हाताने आवळले, चेन चढवली, क्रँक फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ होते ती जागा शोधली आणि तिथे पान्याच्या मुठीने चेनवर हलकेच ठोकलं. रिंग केसभर सरकते. पुन्हा फिरवायचं, पुन्हा ताठ जागा शोधायची. ताठ आणि ढिल्या जागेतला फरक डोळ्यांना दिसेनासा झाला की समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत जायचं. वेळखाऊ काम आहे, घाईने होत नाही.

त्यानंतर पुढचं माप चारही जागी ४१.२ ते ४१.४ आलं. ४१.३ पक्कं धरलं. मागे ३६.५. तफावत ४.८ मि.मी.

आता ती पट्टी. भाच्याने रिंगच्या अंगाला पट्टी टेकवून तिचं टोक मागच्या दात्यांवर कुठे येतं ते बघितलं होतं. ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि मोठी चूक पकडायला ती बरी आहे. पण तिचा पाया तोकडा आहे. रिंगचा व्यास १७० मि.मी., म्हणजे पट्टी टेकते ती फार तर एवढ्या अंतरावर. आणि रिंगच्या पुढच्या टोकापासून फ्रीव्हीलचा मध्य पाचशे मि.मी.च्या थोडा पुढे. रिंगवर अर्ध्या मि.मी.ची चूक झाली की मागे ती तिप्पट होऊन दीड मि.मी. दिसते. इथे तर रिंग स्वतःच ०.९ ने तिरकी झाली होती, म्हणजे मागच्या टोकाला जवळजवळ पावणेतीन मि.मी. त्याने पट्टी लावली त्या स्थितीत ती तिरकी रिंग पट्टीला नेमकी आत वळवत होती. उरलेले दोन मि.मी. प्लॅस्टिकच्या पट्टीच्या लवण्यात आणि दोन्हीकडच्या दात्यांच्या वेगळ्या जाडीत गेले असावेत. क्रँक अर्धा फेरा फिरवून त्याने पुन्हा पट्टी लावली असती तर तिनेच उलटी साक्ष दिली असती.

कुठलं टोक हलवायचं

४.८ मि.मी. आणि सुमारे ४२० मि.मी. लांबीचा चेनस्टे (बीबीपासून मागच्या ड्रॉपआउटपर्यंतची नळी), म्हणजे चेनचा कोन पाऊण अंशालाही कमी. ऐकायला नगण्य, पण वरचे तिन्ही राखणदार गेल्यावर एवढं पुरतं. सिंगल-स्पीडला मी एक-दीड मि.मी.पर्यंतची तफावत सोडून देतो. त्यापुढे हात घालतो.

रोड सायकलच्या दोन रिंगांच्या क्रँकची ठरलेली चेनलाइन ४३.५, ती दोन रिंगांच्या मधली. ट्रॅक सायकलची ४२. हे आकडे पाठ असलेले लोक कधी कधी ४२ गाठायच्या मागे लागतात. त्याची काही गरज नाही. पुढे ४१.३ असेल तर मागेही त्याच्या आसपास हवं, एवढंच. दोन्हीकडे ३९ असतं तरी चेनला काही फरक पडत नाही.

तर एक टोक हलवायचं. पुढचं आत आणायचं, की मागचं बाहेर काढायचं?

पुढचं आत आणायला आखूड बीबी स्पिंडल घालता येतं. पण स्पिंडल दोन्हीकडे सारखं आखूड होतं, म्हणून रिंग ४.८ ने आत आणायला स्पिंडल जवळजवळ १० मि.मी.ने आखूड लागेल. आणि मुळात रिंगचे दाते आणि चेनस्टे यांच्यात फट होती चार मि.मी.ची. म्हणजे रिंग चेनस्टेवर घासली असती. पुढचा पर्याय तिथेच निकालात निघाला. रिंग स्पायडरच्या बाहेरच्या अंगाला असती तर गोष्ट वेगळी. ती आत घेतली की साधारण पाच-सहा मि.मी. आत येते, आणि बऱ्याच रूपांतरांत एवढ्याने भागतं. इथे ती आधीच आत होती.

मागे, फ्रीव्हील आणि हबच्या खांद्याच्या मधे वायसर घालून फ्रीव्हील बाहेर काढणं हा सगळ्यात झटपट उपाय. फ्रीव्हीलचे आटे १.३७५ इंची आणि बीबीचे इंग्लिश आटे १.३७ इंची, दोन्ही इंचाला २४, त्यामुळे बीबीच्या कपाखाली घालतात तीच चकती इथे चपखल बसते. एक-दीड मि.मी.ला मी स्वतः ती घालतो. पण पाच मि.मी. म्हणजे फ्रीव्हीलची आट्यांवरची पकड तेवढी कमी, आणि हबचे ॲल्युमिनियमचे आटे पॅडलचा सगळा जोर सोसतात. ते आटे गेले तर हब गेला.

मागच्या हबला कॅसेट (आट्यांऐवजी फ्रीहब नावाच्या खाचांच्या नळीवर सरकवून बसवलेल्या चकत्या) असती तर हे सगळं वाचलं असतं: फ्रीहबवर आठ गिअरच्या कॅसेटचे ३ मि.मी.चे वायसर मागे-पुढे करून चकती हवी तिथे ठेवायची, लॉकरिंग आवळायची, काम संपलं. तिथे फक्त चकती रुंद बुडाची घ्यावी, बारीक चकती ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमधे रुतते. आणि जुन्या कॅसेटमधली सुटी चकती वापरू नये. तिचे दाते चेन सहज सुटावी म्हणूनच तिरके छाटलेले असतात.

उरला तो उपाय जास्त कामाचा पण चोख: ॲक्सलवरचे वायसर उजवीकडून डावीकडे नेऊन अख्खा हबच उजवीकडे सरकवायचा. सहा चकत्या गेल्या, आता उजवीकडे एवढ्या जागेची गरजच नाही. उजव्या कोन (छऱ्यांवर टेकणारा शंकूच्या आकाराचा नट) आणि लॉकनटच्या मधे ५ मि.मी.चा एक वायसर होता. तो डावीकडे गेला की ३६.५ चे ४१.५. पुढे ४१.३. फरक ०.२.

हब आणि चाक

डावीकडचा लॉकनट आणि कोन काढून ॲक्सल उजवीकडून बाहेर ओढला. उजवा कोन ॲक्सलवरच राहतो, म्हणून फ्रीव्हील काढावं लागलं नाही. छरे एका बाजूला नऊ, पाव इंची. हबखाली फडकं अंथरलेलं बरं, नाहीतर नववा छरा कपाटाखाली सापडतो.

इथे एक बारकावा आहे. नुसता वायसर डावीकडे नेला आणि कोन जागेवर ठेवले तर ॲक्सल उजवीकडे ५ मि.मी. जास्त बाहेर येतो आणि डावीकडे ५ मि.मी. कमी. क्विक-रिलीजच्या (नटांऐवजी दांडी दाबून चाक आवळायच्या) ॲक्सलचं टोक लॉकनटच्या बाहेर असतंच मुळी पाचेक मि.मी. म्हणजे डावीकडे ड्रॉपआउटमधे बसायला ॲक्सल उरतच नाही. म्हणून उजवा कोन ॲक्सलवर ५ मि.मी. बाहेर न्यायचा, आटा १ मि.मी.चा असेल तर बरोबर पाच फेरे. वायसर गेल्यामुळे रिकामी झालेली जागा कोनने घेतली, लॉकनट होता तिथेच परत आला. डावीकडे कोन तेवढाच आत, आणि त्याच्या बाहेर तो वायसर. दोन्ही लॉकनट ॲक्सलवर मूळच्या जागीच राहिले, त्यांच्यामधलं अंतर १२६ च राहिलं, फक्त हब उजवीकडे सरकला. हे असं डोक्यात बसलं की मग वायसरचा गोंधळ होत नाही.

कोन आवळताना चाक हातात अगदी किंचित हललं पाहिजे. क्विक-रिलीज दाबला की ॲक्सल दाबला जातो आणि ते हलणं नाहीसं होतं. हातातच बिनहालचालीचं बसवलं तर सायकलवर छरे चिरडतात.

हब सरकला म्हणजे रिमही पाच मि.मी. उजवीकडे गेली. चाक चढवून बघितलं तर टायर उजव्या चेनस्टेला चिकटायच्या बेतात. आता रिम परत मधे आणायची, म्हणजे उजवे स्पोक सोडायचे आणि डावे आवळायचे. हिशेब केला तर उजवा स्पोक ०.४ मि.मी. लांबवावा लागतो आणि डावा ०.६ मि.मी. आखूड. निपलचे (स्पोकच्या टोकाच्या नटाचे) आटे इंचाला ५६, म्हणजे एका फेऱ्याला ०.४५ मि.मी.; तेव्हा उजवीकडे जेमतेम एक फेरा सैल, डावीकडे सव्वा फेरा घट्ट. स्पोक तेच चालतात. निपलना आधी तेल दिलं, पाव-पाव फेऱ्याने चाकाला वळसे घातले, आधी उजवे सोडले मग डावे आवळले. शेवटी नेहमीसारखा आउट, म्हणजे रिमचं डुलणं, काढला. रिम मधे आली का हे बघायला चाक फ्रेममधे उलटं घालून बघायचं: मध्यापासून जेवढी चूक असेल तिच्या दुप्पट फरक दोन स्थितींत दिसतो, त्यामुळे अर्धा मि.मी.ही लपत नाही.

या कामाचा एक फायदा चेनशी संबंध नसलेला. आधी मध्यापासून उजवी फ्लँज (हबची स्पोक अडकवायची कड) २० मि.मी. आणि डावी ३६ मि.मी. होती, म्हणून डाव्या स्पोकांवर उजव्यांच्या साधारण ५६ टक्केच ताण होता. आता २५ आणि ३१ झाल्यावर हे प्रमाण ८१ टक्क्यांवर आलं. चाक मूळपेक्षा मजबूत झालं. नुसता हाच फायदा असता तरी मी वायसर हलवले असते.

चढवल्यावर

चाक घातलं, चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली साधारण १२ मि.मी. हलेल इतपत ताणली, क्विक-रिलीज लावला. हाताने पॅडल फिरवलं, आवाज नाही. भाचा चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मामा, जोर लावला की परत घरघर येतेय."

चाक बघितलं तर चेनस्टेजवळ रिम डावीकडे तीन मि.मी. सरकलेली. आडव्या खाचेत उजवी बाजू चेनच्या ओढीने पुढे घसरली होती. ॲक्सलपासून त्या जागेपर्यंत अंतर ३४० मि.मी. धरलं तर तीन मि.मी. म्हणजे अर्धा अंश, आणि फ्रीव्हील चाकाबरोबरच वळतं. ४.८ मि.मी.च्या तफावतीने पाऊण अंशाच्या आतला कोन झाला होता, इथे तिरक्या चाकाने अर्धा अंश परत आणला. ड्रॉपआउट क्रोमचे, गुळगुळीत, आणि क्विक-रिलीज बाहेरून दिसणाऱ्या कॅमचा, हलका. पकड कमीच. आतल्या कॅमचा, स्टीलच्या दातेरी नटांचा जुना स्क्यूअर (क्विक-रिलीजची सळई) घातला, चाक सरळ करून दाबला. त्यानंतर जोर लावूनही चाक हललं नाही आणि घरघर गेली. अशा ड्रॉपआउटला खरं तर नटवाला ॲक्सलच बरा, पण तो वेगळा खर्च.

काही आठवड्यांनी सायकल परत बघितली. स्पोक बसते झाल्यामुळे रिममधे थोडा आउट आला होता, तो काढला. दात्यांवर आता दोन्ही अंगांना सारखी, पुसट चकाकी. चेन पडलेली नव्हती.

त्याला आता सायकल फिक्स्ड, म्हणजे चाक फिरलं की पॅडलही फिरणारी, करायचीय. या हबवर मी ते करून देणार नाही असं सांगितलं: फ्रीव्हीलच्या आट्यांवर ट्रॅकची चकती चढते, पण उलट्या आट्यांची लॉकरिंग बसायला या हबवर जागा नाही, आणि पॅडलने मागे रेटून वेग कमी करायला गेलं की चकती उकलते. करायचंच असेल तर १२० मि.मी.चा ट्रॅक हब घ्यायचा, दोन्ही बाजूंना ३-३ मि.मी.चे वायसर घालून तो १२६ मधे बसवायचा. त्या हबची चेनलाइन ४२, पुढे आहे ४१.३. पुढचं काही हलवावं लागणार नाही.